अधिवृक्क आणि जननग्रंथी : एका घरची भावकी

श्रोतेहो, हृदय, फुप्फुसे, जठर, मूत्रपिंडे ही नावे आता शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. परंतु मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींची ओळख फार थोड्यांना असते. एकेकीचे वजन चार-पाच ग्रॅम. दोन्ही मिळून तोळाभरही भरत नाहीत. मूत्रपिंडाला संस्कृतात वृक्क म्हणतात. वृक्कावर बसलेली म्हणून ही अधिवृक्क ग्रंथी.

आकार लहान, पण कारभार मोठा. १८५५ साली लंडनच्या थॉमस ॲडिसन या वैद्याने काही रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. हे रोगी दिवसेंदिवस खंगत जात, त्यांना उठवत-बसवत नसे, अन्नावरची वासना उडे आणि कातडी काळवंडत जाई. मृत्यूनंतर तपासले तेव्हा त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी नासलेल्या आढळल्या. पुष्कळांच्या बाबतीत क्षयरोगाने. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवले की, या ग्रंथी काढून टाकल्या तर जनावर जगत नाही. तोळाभर मांस, पण त्यावाचून जीव तगत नाही, असा हा प्रकार आहे.

या ग्रंथी करतात तरी काय? कांद्याला जसे पापुद्रे, तसे अधिवृक्काला थर असतात. अगदी आतला गाभा ॲड्रेनलिन हे द्रव्य सोडतो. अंधारात पायाखाली साप दिसला की छाती धडधडते, अंगाला घाम फुटतो. हे काम या ॲड्रेनलिनचे. जपानचे जोकिची ताकामिने यांनी १९०१ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. गाभ्याभोवतीच्या सालीत तीन थर आहेत. सर्वांत बाहेरचा थर ॲल्डोस्टेरॉन बनवतो. ते शरीरातले मीठ राखते. मधला थर कॉर्टिसॉल बनवतो. ताप, जखम, उपासमार, शस्त्रक्रिया अशा अडचणीच्या वेळी रक्तातली साखर आणि रक्तदाब सावरून धरण्याचे काम त्याचे. तिसरा, आतला थर पुरुषी गुणाची सौम्य द्रव्ये बनवतो. त्यांतले मुख्य द्रव्य डीएचईए या नावाने ओळखले जाते. रक्तात मिसळून दूरवर जाऊन काम करणाऱ्या अशा द्रव्यांना आपण हॉर्मोने म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे ठीक. पण स्त्रीचे बीजांडकोश आणि पुरुषाची वृषणे यांचा या ग्रंथींशी संबंध काय? ते कुठे, या कुठे! संबंध आहे, आणि तो जन्माच्याही आधीचा आहे. गर्भ जेमतेम महिनाभराचा असताना पेशींची एक लहानशी पट्टी तयार होते. पुढे तिची वाटणी होते. एक हिस्सा अधिवृक्काची साल बनतो, दुसरा हिस्सा बीजांडकोश किंवा वृषण बनतो. म्हणजे ही सख्खी भावकी आहे. आणि वाटणी झाली तरी दोन्ही घरांचा कच्चा माल एकच राहतो, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. एकाच उसाच्या रसापासून काकवी होते, गूळ होतो, साखरही होते. तसे एकाच कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल होते, ॲल्डोस्टेरॉन होते, पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन होते आणि स्त्रीची इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही हॉर्मोनेही होतात.

दोन्ही घरांवर हुकूम चालतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या, हरभऱ्याएवढ्या पियूषिका ग्रंथीचा. अधिवृक्काला ती एक निरोप पाठवते, त्याचे नाव एसीटीएच. जननग्रंथींना ती दुसरे निरोप पाठवते, त्यांपैकी एकाचे नाव एलएच. निरोप वेगळे, पण कचेरी एकच. तेव्हा एका घरात काही झाले की दुसऱ्या घरी त्याची झळ पोचते, यात नवल नाही.

ही झळ पोचते कशी, ते आपण एकेक करून पाहू.

पहिला मार्ग इस्ट्रोजेनचा. कॉर्टिसॉल रक्तात मोकळे फारसे फिरत नाही. शंभरांतले नव्वदांहून अधिक भाग यकृताने बनवलेल्या प्रथिनांना चिकटून असतात. कणगीतले धान्य आणि ताटातले अन्न यांत जो फरक, तोच इथे आहे. पोट भरते ते ताटातल्या अन्नाने. कणगीतले धान्य साठ्याला. त्याचप्रमाणे शरीरात काम करते ते मोकळे कॉर्टिसॉल. आता गंमत अशी की, इस्ट्रोजेन वाढले म्हणजे यकृत हे प्रथिन जास्त बनवू लागते. जणू कणगी मोठी होते. मग रक्त तपासून एकूण कॉर्टिसॉल मोजले तर आकडा मोठा येतो, पण ताटात वाढलेले तेवढेच असते.

ही गोष्ट नुसती पुस्तकी नाही. माला-एनसारख्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन जातीचे द्रव्य असते. अशी गोळी घेणाऱ्या बाईचे एकूण कॉर्टिसॉल मोजले तर ते वाढलेले दिसते, आणि नसलेला रोग आहे असे वाटू शकते. त्याहून वाईट म्हणजे, जिची अधिवृक्क ग्रंथी खरोखरच मंदावली आहे अशा बाईचा आकडा गोळीमुळे ठीक दिसतो आणि असलेला रोग झाकला जातो. म्हणून अशी तपासणी करायची असेल तेव्हा, ‘मी अमुक गोळी घेते,’ हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. काही वेळा ते सुमारे सहा आठवडे गोळी थांबवून मग रक्त घेतात. मात्र गोळी आपल्या मनाने थांबवू नये. तेवढ्या दिवसांसाठी दुसरा उपाय त्यांनाच विचारावा.

दुसरा मार्ग प्रोजेस्टेरॉनचा आणि मिठाचा. पाळीच्या महिन्यातल्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढते. मूत्रपिंडात ॲल्डोस्टेरॉनची बसण्याची जी जागा, तिच्यावर ते जाऊन बसते. पण मीठ राखण्याचे काम मात्र करत नाही. पाटावर पाहुणा बसला आणि घरधनी उभा राहिला, तशातली गत. मीठ लघवीवाटे निघू लागते. शरीराला याची खबर लागते आणि ते अधिवृक्काला सांगते, ‘ॲल्डोस्टेरॉन वाढव.’ इकडे इस्ट्रोजेनही यकृताकडून हा निरोप पोचवणारा माल जास्त बनवून घेते. परिणामी गरोदर बाईच्या रक्तात ॲल्डोस्टेरॉन कित्येक पट वाढते. आणि ते वाढायलाच हवे. पोटातल्या बाळासाठी आईचे रक्त वाढवायचे, तर मीठ आणि पाणी दोन्ही राखली पाहिजेत.

म्हणून बायांनो, पायावर थोडी सूज दिसली की गरोदर सुनेचे किंवा लेकीचे मीठ परस्पर तोडू नका. आधी आरोग्य केंद्रात नेऊन रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. सूज एकाएकी वाढली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र क्षणभरही थांबू नका.

तिसरा मार्ग वारेचा. वार ही केवळ बाळाला अन्न पोचवणारी पिशवी नव्हे. तीही एक मोठी ग्रंथीच आहे. गरोदरपणात वार स्वतःच असा निरोप रक्तात सोडते की, त्यामुळे आईची अधिवृक्क ग्रंथी अधिक कॉर्टिसॉल बनवू लागते. दिवस भरत येईपर्यंत आईचे एकूण कॉर्टिसॉल दोन ते तीन पट होते. यात कणगीही मोठी झालेली असते आणि ताटातलेही थोडे वाढलेले असते. मग एवढे कॉर्टिसॉल बाळाला बाधत नाही का? निसर्गाने त्याचीही तजवीज केली आहे. वारेच्या दारात एक पाचक द्रव्य पहारेकऱ्यासारखे उभे असते. आईचे पुष्कळसे कॉर्टिसॉल ते तिथेच निष्प्रभ करून टाकते.

आणि बाळाचे काय? पोटातल्या बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी पाहून शास्त्रज्ञ थक्क झाले. शरीराच्या वजनाच्या मानाने त्या जन्माच्या वेळी मोठ्या माणसाच्या दहा ते वीस पट असतात. हा वाढावा ज्या थरामुळे असतो, तो थर डीएचईएच्या जातीचे द्रव्य बनवतो. वार ते उचलते आणि त्यापासून इस्ट्रोजेन तयार करते. म्हणजे गरोदरपणातले एक महत्त्वाचे इस्ट्रोजेन हे एकट्या आईचे नाही, की एकट्या वारेचे नाही. बाळाची अधिवृक्क ग्रंथी आणि वार यांनी सायड करून केलेले ते पीक आहे. बाळ जन्मले, नाळ तुटली, की त्या थराचे काम संपते. थोड्याच आठवड्यांत या ग्रंथी निम्म्यावर येतात.

यानंतर काही वर्षे अधिवृक्काचा तो आतला थर शांत असतो. सहा ते आठ वर्षांच्या सुमाराला तो पुन्हा जागा होतो. शिक्षकांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. तिसरीतल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागतो, चेहरा जरा तेलकट होतो. पुढे काखेत आणि जांघेत लव दिसू लागते. मूल अस्वच्छ झाले असे समजून वर्गात त्याला हिणवू नये. ते वयात आले असेही लगेच समजू नये. कारण वयात येणे हे बीजांडकोश आणि वृषणे यांचे काम, आणि हे काम अधिवृक्काचे. दोन्ही घड्याळे निरनिराळी आहेत. मात्र आठ वर्षांच्या आत मुलीला किंवा नऊ वर्षांच्या आत मुलाला जांघेत केस, भराभर वाढणारी उंची, आवाजात बदल अशा गोष्टी दिसल्या, तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे जाण्याविषयी हळुवारपणे सांगावे.

हे डीएचईए विशी-तिशीत सर्वांत जास्त असते आणि मग उतरत जाते. पण बाईची पाळी जाते तेव्हा त्याची खरी किंमत कळते. बीजांडकोशांनी काम थांबवले तरी अधिवृक्काचे हे द्रव्य रक्तात असते, आणि शरीरातली चरबी व इतर पेशी त्यापासून थोडेथोडे इस्ट्रोजेन बनवतात. भावाचे शेत पडीक पडले, तर दुसरा भाऊ पायलीभर धान्य पाठवतो, तसेच म्हणा ना. पूर्वीचा सुकाळ त्याने परत येत नाही, पण अगदीच उपासमारही होत नाही.

शेतकरी बांधवांच्या मनात इथे एक प्रश्न येईल. आपण गोऱ्हा खच्ची करून बैल करतो, बोकड खच्ची करतो. म्हणजे जननग्रंथींचा हिस्साच काढून घेतो. मग त्यांच्या अधिवृक्काचे काय होते? प्रश्न मोठा मार्मिक आहे. जननग्रंथी चालू असतात तोवर त्यांची हॉर्मोने पियूषिकेला सांगत असतात की, ‘आता पुरे.’ त्या काढल्या म्हणजे ‘पुरे’ म्हणणारे कोणी उरत नाही आणि पियूषिका एलएचचा निरोप अखंड पाठवत राहते. ऐकणारे घर तर ओस पडलेले. मग काही जातींच्या प्राण्यांत तो निरोप अधिवृक्काला ऐकू येतो! उंदरांच्या काही वाणांत बीजांडकोश काढल्यावर अधिवृक्कात गाठी होऊन त्याच इस्ट्रोजेन बनवू लागल्याचे १९३० नंतरच्या दशकात दिसून आले. परदेशात फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी घरात पाळतात. खच्ची केलेल्या फेरेटांत हा विकार इतका होतो की, शेपटीपासून केस झडू लागले की तिथले पशुवैद्य आधी अधिवृक्क तपासतात. खच्ची केलेल्या बोकडांतही अशा गाठी आढळल्या आहेत. म्हणजे वाटणी झाली तरी भावकीतले जुने नाते पेशी विसरलेल्या नसतात. माणसात असे सहसा होत नाही. पाळी गेल्यावर बाईच्या रक्तात एलएच पुष्कळ वाढते, तरी तिची अधिवृक्क ग्रंथी आपले काम सोडत नाही. क्वचित एखाद्या रोग्यातच ती या परक्या निरोपाला ओ देते.

उंदरात आणखी एक मौज आहे. त्याच्या अधिवृक्कात एक जादा थर असतो. नर वयात आला की तो थर पुरुषी हॉर्मोनामुळे विरून जातो. मादीत तो टिकतो आणि पहिल्या गाभणपणात जातो. जननग्रंथींचा हात अधिवृक्काच्या घडणीपर्यंत कसा पोचतो, याचा याहून स्वच्छ दाखला सापडणे कठीण.

आता शेवटी दोन गोष्टी सांगतो. त्या ऐकून कोणाच्या घरचा एक जीव जरी वाचला, तरी या भाषणाचे सार्थक झाले.

पहिली गोष्ट नवजात बाळाची. काही बाळांत कॉर्टिसॉल बनवणारे एक पाचक द्रव्य जन्मतःच अपुरे असते. पाणी देताना एका सरीचे तोंड बुजले तर पाणी दुसऱ्या सरीत लोटते. तसा सगळा कच्चा माल पुरुषी द्रव्यांकडे वळतो. बाळ मुलगी असेल तर तिचे बाहेरचे अवयव मुलासारखे दिसतात आणि सुईणीला, घरच्यांना उमज पडत नाही. मुलगा असेल तर वरून काहीच दिसत नाही, आणि धोका तिथेच असतो. ॲल्डोस्टेरॉनही कमी पडल्याने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ दूध ओढत नाही, ओकते, सुकत जाते, निपचित पडते. लोक म्हणतात दृष्ट लागली, जुलाब झाले, बाहेरची बाधा झाली. आणि मीठ गमावून बाळ हातचे जाते. १९५० सालापासून या रोगावर कॉर्टिसोन देण्यास सुरुवात झाली. आज योग्य औषध रोज मिळाले तर असे मूल शाळेत जाते, मोठे होते, संसार करते. आई आणि बाप दोघांकडूनही हा दोष आला तरच रोग प्रकट होतो. अशा जोडप्याच्या दर खेपेला चारात एक अशी भीती असते. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची चाल जिथे आहे, तिथे दोन्हीकडून तोच दोष येण्याचा संभव जास्त. तेव्हा जननेंद्रियाविषयी शंका वाटली, किंवा आधीचे मूल असेच काही दिवसांचे होऊन गेले असेल, तर झाकून ठेवू नका. यात लाज नाही, पाप नाही, कुणाचा कोप नाही. ही एका पाचक द्रव्याची उणीव आहे.

दुसरी गोष्ट बाळंतिणीची. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे पियूषिका ग्रंथी मोठी होते, कारण तिला दुधाची तयारी करायची असते. अशा वेळी बाळंतपणात फार रक्त गेले आणि नाडी बसली, तर तिला रक्त न पुरून तिचा बराचसा भाग मरतो. इंग्लंडच्या शीहान या डॉक्टरने १९३७ साली याचे वर्णन केले. मग काय होते? कचेरीच बंद पडली, तेव्हा दोन्ही घरांचे निरोप थांबतात. दूध येत नाही. पाळी परत येत नाही. अधिवृक्काची ती सौम्य द्रव्ये थांबल्याने काखेतले केस झडतात. कॉर्टिसॉल नसल्याने बाई सदा थकलेली राहते, भोवळ येते. थंडीही सोसत नाही. ॲडिसनच्या रोग्यांसारखी ती काळवंडत नाही. उलट पांढुरकी पडते. घरचे म्हणतात, आळशी झाली, अंग धरून बसते. अशी वर्षे जातात. आणि एखाद्या दिवशी साध्या तापाने, जुलाबाने ती बेशुद्ध पडते. कारण अडचणीला धावून येणारे कॉर्टिसॉल तिच्यापाशी उरलेलेच नसते.

या बाईला उपाय आहे. कॉर्टिसॉल गोळीने देता येते, आणि ते आधी सुरू करून मग गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे हॉर्मोन द्यायचे, हा क्रम डॉक्टर पाळतात. पण उपाय होण्यासाठी आधी कोणीतरी नेमका प्रश्न विचारला पाहिजे : ‘बाळंतपणात फार रक्त गेले होते का? अंगावर दूध आले होते का? पाळी परत सुरू झाली का?’ तीनच प्रश्न. आशाताईंना, अंगणवाडीच्या बाईंना आणि शिक्षकांना ते विचारता येतील, सासूबाईंनाही येतील.

ज्यांना कॉर्टिसॉलची गोळी कायमची लागते त्यांनी ती एक दिवसही चुकवू नये. गरोदर राहिल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. शेवटच्या महिन्यांत मात्रा वाढवावी लागते आणि कळांच्या वेळी सुईवाटे औषध द्यावे लागते. उलट्या होऊन गोळी पोटात ठरत नसेल, तर घरी वाट पाहत बसू नये.

श्रोतेहो, बाई दमते तेव्हा तिच्या दमण्याला काही वेळा असे कारण असते की, ते ना डोळ्यांना दिसते ना नाडीला कळते. तिला बोल लावण्याआधी दवाखान्यात न्या, आणि तिथे ते तीन प्रश्न आठवणीने सांगा.